परका डबा

रेल्वेचा नाद असलेली माणसं असतात हे मला भागवतमुळे कळलं. क्रिकेटचा नाद, पत्त्यांचा नाद, पुढाऱ्यांच्या मागं फिरण्याचा नाद, हे सगळे आमच्या ताडकळसमध्ये भरपूर आहेत. पण रोज सकाळी स्टेशनवर यायचं, गाडीत बसायचं नाही, कोणाला सोडायचं-आणायचं नाही, नुसती गाडी बघायची आणि परत फिरायचं, हा प्रकार नवीन होता. गाडी फलाटाला लागली की भागवत मोबाईल समोर धरून एका जागी खिळल्यासारखा उभा राहायचा. शेवटचा डबा निघून गेला की पंगतीतून पोटभर जेवून उठल्यासारखा चेहरा करायचा.

त्याला इंजिनाचं फारसं काही नव्हतं. त्याचं लक्ष डब्यांच्या क्रमावर. कोणता डबा कोणाच्या मागं लागलाय, लाल डब्यांच्या ओळीत एखादा जुना निळा घुसलाय का, नेहमी पुढं असणारा आज मागं गेलाय का. अशी काही भानगड दिसली की त्याचा दिवस सोन्याचा. त्याच्यासारखे आणखी नादिष्ट हैदराबादेत, पुण्यात, कुठं कुठं बसलेले आहेत आणि त्यांचा एक ग्रुप आहे. भागवत तिकडं व्हिडिओ टाकायचा आणि तिकडून वाहवा यायची. बाजारतळाजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. घरची मेंढरं आहेत, ती घेऊन त्याचे वडील ग्यानबा अजून रानोमाळ फिरतात.

मी गाडीकडे बघायची ते वेगळ्या कारणानं. मला तिच्यात चढायचं असायचं.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. पायाला कॅलिपर आणि हातात कुबडी. कोणी विचारायच्या आत आपणच सांगून टाकलेलं बरं असतं, पुढचं बोलणं लवकर सुरू होतं. मी बी.ए. झाले आणि नंतर कितीतरी वर्षं घरातच बसले, कारण एसटीची पायरी मला चढवत नाही आणि जीपवाले मला पाहिलं की गाडी चार हात पुढं नेऊन थांबवतात. राहिली रेल्वे. गार्डाच्या डब्यात अपंगांसाठी जागा राखलेली असते. दार रुंद, धरायला दांडे, गर्दी कमी. पाटीवर आता दिव्यांग लिहितात आणि गार्डालाही दुसरं काहीतरी नाव दिलंय, पण डबा तोच. फक्त तो असतो गाडीच्या दोन्ही टोकांना. आमचं स्टेशन लहान, फलाट बराचसा जमिनीलगत. तिकीट खिडकीसमोरचा एक तुकडा तेवढा उंच बांधलेला, त्याला उतार केलेला. गाडीची टोकं जिथं थांबतात तिथं नुसती खडी, आणि खडीवरून डब्याचं दार माझ्या छातीला येतं. उंच तुकड्यासमोर जो साधा डबा थांबतो त्याच्या दारात माणसं, पोती आणि दुधाचे कॅन. कुबडी टेकायला बोटभर जागा मिळत नाही. रेल्वेनं मला बसायला जागा दिली होती, तिथवर जायचं कसं ते माझ्यावर सोडलं होतं.

मग एका हिवाळ्यात सकाळच्या पॅसेंजरला गार्डाचा तिसरा डबा लागला. टोकांचे दोन होतेच, हा आणखी एक, गाडीच्या मधोमध. माझा भाऊ महांतेश पाहुण्यांना सोडायला स्टेशनवर गेला होता, त्यानं तो पाहिला. घरी येऊन मला म्हणाला, "माहे, गाडी बदलली बग. रुंद दाराचा डबा उताराच्या म्होरंच थांबायलाय. एकटी चढशील तू."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला मोटारसायकलवर तिथं नेलं. मी उतार चढले, दांडा धरला आणि आत गेले. कोणी दंडाला धरलं नाही, कोणी मागून ढकललं नाही, कोणी "आरं धरा, धरा" असं ओरडलं नाही. खिडकीशी बसून मी महांतेशकडे पाहिलं तर तो रडत होता. मला मात्र हसू येत होतं.

थोड्याच दिवसांत परभणीला व्यंकटरावांच्या चष्म्याच्या दुकानात मला काम लागलं. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, दांड्या गरम करून कानाच्या मापानं वाकवायच्या, म्हाताऱ्यांपुढं अक्षरांचा तक्ता धरायचा. काम बसून करायचं आणि हाताचं, मला ते पटकन आलं. संध्याकाळी तीच गाडी तोच डबा घेऊन परत यायची. माझी नोकरी त्या एका डब्यावर उभी आहे आणि तो निघाला की मी परत घरात, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून गाडी वळणावर दिसली की मी आधी तिचं मधलं अंग बघायची.

भागवतही तेच बघायचा. आमची ओळख तशी झाली.

"ताई, ह्यो डबा आपला न्हाई," एकदा तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"कोपऱ्यावरली अक्षरं बगा. दुसऱ्या डेपोचा हाय. दुरुस्तीला कुटं गेला आसंल, तितून चुकून आपल्या गाडीला जोडला. मधी गार्डाचा डबा, लय दुर्मिळ हाय ही गोष्ट. ग्रुपवर समदे येडे झालेत."

"तुला अक्षरांवरून कळतं?"

"आमच्या मेंढराच्या कानाला खाच आस्ती. खाच बगितली की कोनाचं हाय ते कळतंय. तसंच."

"मग राहू दे की," मी म्हणाले. "त्याला काय चारा लागतोय?"

तो हसला. पण ते हसू तोंडदेखलं होतं, हे मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

त्यांच्या मेंढपाळांत एक रीत आहे. कळप रानात बसलेला असताना दुसऱ्याचं मेंढरू येऊन मिसळलं तर त्याला हाकलत नाहीत. आपल्यांबरोबर चारतात, पाणी दाखवतात. पण आजूबाजूला जिथं जिथं मेंढरं बसलीत तिथं निरोप धाडतात, अमुक खुणेचं एक आमच्याकडं आलंय, ज्याचं असेल त्यानं न्यावं. मालक आला की चहा पाजून मेंढरू हवाली करायचं. निरोप न धाडता ठेवून घेतलं तर ती चोरी. ग्यानबानं एका मेंढीसाठी पार जिंतूरकडच्या बोरीला माणूस पाठवला होता, असं भागवत अभिमानानं सांगायचा. मला ती गोष्ट आवडली होती आणि मी ती दुकानात व्यंकटरावांनाही सांगितली होती.

पावसाळा सरता सरता एका सोमवारी गाडी आली आणि मधे साधा डबा होता.

मी उंच तुकड्यावर उभी होते. महांतेश मला सोडून केव्हाच गेला होता. दारात पाय सोडून बसलेल्या माणसांनी मला पाहिलं आणि त्यांना दया आली. एकानं दंड धरला, दुसऱ्यानं कमरेला हात घातला, आणि पोतं घ्यावं तसं त्यांनी मला आत घेतलं. कुबडी खालीच राहिली, ती कोणीतरी खिडकीतून आत फेकली. कॅलिपरचा पट्टा तुटला. परभणीपर्यंत मी एका बाईच्या गाठोड्यावर बसून होते आणि डब्यातली माणसं मला पाय कधी गेला, लग्न झालं का, सरकार काही देतं का, हे विचारत होती. भली माणसं होती. त्यांच्या भलेपणाचा मला जेवढा राग आला तेवढा कोणाच्या दुष्टपणाचाही कधी आला नव्हता.

संध्याकाळी तसंच खाली उतरवून घेतलं. फलाटावर भागवत होता, चेहरा उजळलेला.

"ताई, पोचलं बगा घरला!"

"काय पोचलं?"

"डबा! म्या रेल्वेला लिहिलं व्हतं ना, फोटोसकट. ह्या खुणेचा डबा हितं हाय, ज्याचा आसंल त्याला द्या म्हनलं. एरवी कोन दाद देतंय? पन लगीच उत्तर आलं, तपासतो म्हनून. आन् आज बगा, नेला!" ग्रुपवर त्याला किती जणांनी शाबासकी दिली तेही त्यानं दाखवायला घेतलं.

मी त्याला बोलू दिलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायला सुद्धा नीट उभं राहता यावं लागतं आणि माझा पट्टा तुटलेला होता. शेवटी म्हणाले, "भागवत, त्या डब्यातून मी कामाला जात होते."

"कोन्या डब्यातून?"

"त्याच."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कुबडीकडे, मग उताराकडे. इतके दिवस तो माझ्याशी बोलत होता, मी रोज त्याच्या डोळ्यांसमोर त्या डब्यात चढत होते आणि हे दोन्ही त्यानं कधी एकत्र जोडलंच नव्हतं. मोबाईल खिशात घालून तो म्हणाला, "पन ते दुसऱ्याचं व्हतं न, ताई." त्यात कांगावा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं की यात चूक कुठं झाली. 

नंतर काही दिवस तो स्टेशनवर दिसला नाही. दिसला तेव्हा माझ्याजवळ येऊन जरा लांबच उभा राहिला. "जुने व्हिडिओ काढून बगितले," तो म्हणाला. "समद्यांत तुमी हाव. रोज चढतानी. म्या धा-धा बारी बगितलेत ते व्हिडिओ. तुमी दिसल्याच न्हाईत मला."

"तू डबा बघत होतास."

"हाव," तो म्हणाला आणि खाली बघत राहिला. माझा राग तिथंच अर्धा गेला. उरलेला अर्धा मी ठेवून घेतला, कारण माझी अडचण काही गेलेली नव्हती.

त्यानं परत अर्ज केले. डबा इथं हवाय, एका ताईला चढायला लागतो, असं लिहिलं. मला न विचारता माझी सगळी हकीकत लिहिली, त्यावरूनही मी त्याला झापलं. उत्तर एकच यायचं, तक्रार निकाली काढली आहे. निकाली काढण्याचा रेल्वेचा वेग पाहून तो चकित व्हायचा.

इकडं महांतेश रोज गाडी येईपर्यंत थांबायला लागला. तो मला मागच्या टोकाकडं न्यायचा आणि खडीवर उभं राहून दोन्ही हातांनी उचलून आत ठेवायचा. संध्याकाळी उतरवायला परत हजर. त्याचं किराणा दुकान आहे, ते दोन्ही वेळा बंद राहायचं. तो एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याच्या कपाळावरच्या विभूतीवर घामाचे ओघळ यायचे आणि मी दुसरीकडे बघायची.

आई बोलली. आमच्याकडं बोलायचं काम तिचंच. "बास झालं आता. त्याची पाठ गेली तर? घरी काय कमी हाय तुला?"

कमी काहीच नव्हतं. हेच तिला सांगणं अवघड होतं. घरी मला पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मिळायचा.

मी व्यंकटरावांना सांगितलं की काम सोडावं लागेल. ते मितभाषी गृहस्थ, एक काच पुसून खाली ठेवली आणि म्हणाले, "आमच्या गल्लीत कुसुमबाईंची मागची खोली रिकामी आहे. तळमजला. पायरी एकच आहे, तीही फोडून उतार करता येईल." घरी मी हे भीतभीतच काढलं. आई आधी चिडली, मग रडली, मग विचारात पडली. शेवटी तिनं अट घातली, गाडी नीट होईपर्यंतच. डबा आला की घरी. मी हो म्हणाले. त्या वेळी मलाही तसंच वाटत होतं.

कुसुमबाईंनी पहिल्या दिवशी दोनच प्रश्न विचारले. मांसमच्छी करते का आणि रेडिओ मोठ्यानं लावते का. दोन्हींना नाही म्हटल्यावर किल्ली माझ्या हातात दिली. तोवर माझ्याकडं कशाचीच किल्ली नव्हती. आमचं घर कधी कुलूपबंद नसतंच, कोणी ना कोणी घरी असतं, आणि ते कोणी ना कोणी बहुतेक वेळा मीच असायची.

तिथं मला फार बरं वाटलं. हे मी घरी कोणाला सांगितलं नाही. सकाळी उठून सावकाश स्टोव्हपर्यंत जायचं, चहा सांडला तर आपणच पुसायचा. दुकानापर्यंत माझ्या चालीनं चालायचं, मधे केळीवाल्याच्या गाड्याशी थांबायचं, कोणी "बस बस, मी आणते" म्हणायला नाही. एकदा न्हाणीत घसरून पडले. बराच वेळ तशीच बसून राहिले आणि मग नळाला धरून उठले. दुखत होतं, पण ओरडून कोणाला बोलवावं असं मनातसुद्धा आलं नाही. रविवारी महांतेश न्यायला यायचा. आई विचारायची, "आला का गं डबा?" मी म्हणायची, "नाही अजून." हे म्हणताना तोंड पाडायची. पहिल्यांदा ते खरं होतं, नंतर नंतर पाडावं लागायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी मी एका मास्तरांच्या चष्म्याला स्क्रू बसवत होते तेव्हा भागवतचा फोन आला.

"ताई, आला!"

मी स्क्रू खाली ठेवला.

"मधीच हाय. तोच, तीच अक्षरं. म्या चार बारी वाचली. उताराच्या म्होरं अगदी. व्हिडिओ धाडलाय बगा. अर्ज कामी आले की न्हाई?"

तो डबा त्याच्या अर्जांमुळे आला असं त्याला आजही वाटतं. मला नाही वाटत. पण त्याच्या आवाजात इतका आनंद होता की तो मोडायची माझी छाती झाली नाही. मी व्हिडिओ उघडला. गाडी आली, डबा नेमका उतारासमोर थांबला, रुंद दार उघडं. कोणी चढलं नाही. भागवतनं या वेळी पहिल्यांदाच गाडी सोडून उतारावर कॅमेरा धरून ठेवला होता. मास्तर समोर चष्म्याची वाट बघत बसले होते आणि मला एवढंच कळत होतं की मला आनंद झालेला नाही. 

मी त्याला परत फोन लावला. "भागवत, घरी सांगू नकोस एवढ्यात."

"म्हांतेसआण्णाला सांगितलं की! पयला फोन त्येलाच केला. लय खूश झाले." मग म्हणाला, "का, ताई? परत काई चुकलं का माझं?"

"नाही," मी म्हणाले. "या वेळी तुझं काही चुकलं नाही."

संध्याकाळी खोलीवर पोचते तोच आईचा फोन.

"आला म्हनं डबा."

"हो."

"मंग त्या बाईला सांग खोली सोडायली म्हनून. म्हांतेस उद्या येतो सामान आनायला. तुझ्या खाटंवरलं समदं काडून ठिवलंय म्या."

सकाळपासून मी कारणं जुळवत होते. दुकानात काम वाढलंय, उन्हाळ्यात गाडीत भट्टी होते, डब्याचा काय भरवसा, आज आहे उद्या नाही. एकेक कारण चांगलं होतं. शेवटचं तर खरंही होतं. पण डबा नव्हता तोवर मी रोज थोडं थोडं खोटं बोलले होते आणि आता त्याचा कंटाळा आला होता.

"आई, डबा आला तरी मी येणार नाही."

"कामून? परत नेतील म्हनून भ्या वाटायलंय का?"

"नाही. मला इथंच राहायचंय."

 आईच्या मागं कोणीतरी दळणाचा डबा सरकवत होतं, तो आवाज ऐकू आला.

"तितं कोन हाय तुझं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. म्हणूनच बरं वाटतंय."

हे तोंडातून गेलं आणि मी डोळे मिटले. ते तिला लागणार हे मला कळत होतं. ते खरं होतं हेही कळत होतं.

"आमी इतके जड झालो व्हय तुला?"

"तुम्ही नाही, आई. मी झाले होते. सगळ्यांनी उचलून उचलून."

  मी फोन कानाला धरून खिडकीशी गेले, परत आले. मग तिनं नाक ओढलं आणि घसा खाकरला, भांडणाच्या आधी खाकरते तसा.

"मंग मीच येते," ती म्हणाली. "कसी ऱ्हातीस ते बगते तरी. म्हांतेसला म्हनते, मला स्टेशनावर सोड. माझे बी गुडघे गेलेत आता, कोन्या डब्यात चढू तेवडं सांग."

मी म्हणाले, "स्टेशनवर भागवत असतो. त्याला विचार."